पावणेदोन भागिले अर्धा

परवा आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत शिक्षकांसाठी गणिताचं सत्र माझ्याकडं होतं. पीपीटी केलीच नाही. फळ्यावर एकच गणित लिहिलं, १ पूर्णांक ३/४ भागिले १/२, आणि म्हणलं उत्तर काढा आणि त्यावर एक शाब्दिक उदाहरण तयार करा, पाचवी-सहावीच्या पोरांना देता येईल असं.

उत्तर दोन मिनिटात सगळ्यांचं आलं, साडेतीन. भाजकाची उलटापालट करून गुणायचं हे कुणीच विसरत नाही. पण उदाहरणं वाचायला सुरुवात केली तर निम्म्याहून जास्त जणांचं एकच, पावणेदोन भाकरी दोघा भावांत सारख्या वाटल्या तर प्रत्येकाला किती. म्हणजे हे भागिले दोन झालं की ओ, भागिले अर्धा कुठं झालं? हॉल एकदम गप्प.

मग मागं बसलेल्या एक मॅडम, पहिलीला शिकवतात त्या, म्हणल्या पावणेदोन लिटर दूध आहे, अर्ध्या लिटरच्या पिशव्या भरायच्या, किती भरतील. बरोबर! पण खरी मजा पुढं आली. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी सीनिअर असलेले एक सर उठले, म्हणले तीन पिशव्या भरल्या की दीड लिटर संपलं, उरलं पाव लिटर, मग उत्तर सव्वातीन यायला पाहिजे, साडेतीन कसं? आणि यावर वीस मिनिटं चर्चा झाली, कुणी वहीत पिशव्या काढतंय, कुणी पट्ट्या काढतंय, शेवटी त्याच सरांनी स्वतःच सांगितलं की उरलेलं दूध लिटरमध्ये मोजलं तर पाव, पण आपण लिटर मोजतच नाही, पिशव्या मोजतोय, आणि पाव लिटर म्हणजे अर्धी पिशवी. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी इतकं चांगलं प्रशिक्षण बघितलं नाही, आणि ते दिलं त्या सरांच्या शंकेनं.

हा प्रश्न माझा नाही. लिपिंग मा नावाच्या संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना हाच विचारला होता, त्यांचा हा अभ्यास १९९९ ला पुस्तकरूपानं आला. अमेरिकेतल्या २३ पैकी एकाच शिक्षकाला गणिती अर्थानं बरोबर उदाहरण तयार करता आलं, चीनमधल्या बहुतेकांना आलं. आणि गंमत म्हणजे कागदावरचं शिक्षण चीनच्या शिक्षकांचंच कमी होतं, पण ते शाळेत एकत्र बसून पाठ्यपुस्तक उलगडायचे, हे असंच का, पोरं इथं काय चुकतील, असं एकमेकांना विचारायचे. आपल्याकडं तर पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच एवढे शब्द तोंडात तयार आहेत, जुन्या लोकांना पावकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असायचे. या शब्दांचा वर्गात आपण किती वापर करतो?

यंदा मला तिसरी आहे, आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. घरी तेलुगू बोलणारी पोरं भरपूर, थोडी कन्नडवाली. तेवीस लिहा म्हणलं की एक पोरगी कायम ३२ लिहायची. आधी वाटलं लक्ष नाही तिचं. मग एकदा तिला घरच्या भाषेत मोजायला लावलं तर इरवै ओकटि, इरवै रेंडु, इरवै मूडु, धडाधड म्हणत गेली. इरवै म्हणजे वीस, मूडु म्हणजे तीन, आधी दशक मग एकक, जसं लिहितो तसंच. कन्नडमध्ये पण इप्पत्तमूरु, तसंच. आणि मराठीत? ते-वीस, तीन आधी ऐकू येतं, म्हणून तिनं तीन आधी लिहिला. एकोणतीसमध्ये तर तीस ऐकू येतो आणि दोन-नऊ कुठंच ऐकू येत नाही. पोरगी हुशारच होती, चूक ऐकायला मीच कमी पडत होते.

२०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात वीस तीन, वीस सात असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना, विधानसभेत पण गाजलं. मंगला नारळीकर तेव्हा गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. मराठीची वाट लावली म्हणून लोक चिडले, पण ज्यानं तिसरीच्या पोराला ३२ लिहिताना बघितलंय त्याला त्यामागचं कारण लगेच कळतं. सोलापुरात तर मला ते जास्तच पटतं. मी आता दोन्ही म्हणून घेते, तेवीस म्हणजे वीस आणि तीन, आणि शेजारी इरवै मूडु पण लिहिते.

नवीन शैक्षणिक धोरणात, २०२० च्या, शिक्षकानं वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासाचे करावेत असं दिलंय. माझी तक्रार तासांबद्दल नाहीच, ५० काय ८० करा. पण मोबाईलवर व्हिडिओ पुढं सरकवून प्रमाणपत्र डाउनलोड करण्यात ते तास जाऊ नयेत एवढं मनापासून वाटतं, आणि वाईट याचं वाटतं की बऱ्याच जणांचे तसेच जातात कारण वर्गात परत आल्यावर त्यातलं काय झालं हे विचारायला कुणी येत नाही. जपानमध्ये शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात, एकजण शिकवतो, बाकीचे मागं उभे राहून शिक्षकाकडं नाही, पोरांकडं बघतात, आणि मग बसून बोलतात. याला पैसा लागत नाही, केंद्रातल्या चार शाळा मिळून महिन्याला एक पाठ सहज होईल.

आम्ही एवढं ठरवलंय की पुढच्या परिषदेला प्रत्येकानं आपल्या वर्गातल्या चुकलेल्या तीन वह्या आणायच्या. माझी एक वही काढून ठेवलीये. ५२ वजा ३८ बरोबर २६, खाली ६१ वजा ४७ बरोबर २६, सगळी गणितं त्याच पद्धतीनं. त्या पोराला जवळ बसवून विचारलं असं का केलंस, तर म्हणला, मॅडम, मोठ्यातनं लहान वजा करायचं असं तुम्हीच सांगितलं होतं.