एका खापराची चौकशी

माझ्या घरी टीव्हीखालच्या कपाटात एक खापर आहे. तळहाताएवढं, लालसर, एका कडेला बोटाने ओढल्यासारखी रेघ. नवी मुंबईत घणसोलीला खाडीच्या बाजूला भरावासाठी ट्रकांनी माती आणून टाकली होती, त्या ढिगावरून सहा वर्षांपूर्वी मी ते उचललं. तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते आणि "हजार वर्षं तरी जुनं असेल" असं ठोकून देते.

गेल्या डिसेंबरात मावशी पुण्याहून राहायला आली आणि माझी ठोकाठोकी थांबली. मावशी पुरातत्त्व शिकलेली. कॉलेजात असताना डेक्कन कॉलेजने पुणे जिल्ह्यात इनामगावला केलेल्या उत्खननात एक हिवाळा काढलेला, पुढे आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. खापर हातात घेऊन तिने पहिलं विचारलं, "कुठून उचललंस?" मी सांगितलं. "मग हा मडक्याचा तुकडा आहे, एवढंच सांगता येईल," म्हणाली आणि चहाकडे वळली. माझं तोंड पडलेलं बघून कपातून मान वर न करता म्हणाली, "उद्या ठाण्याला जाऊ. दाखवते."

कोपरखैरण्याहून ट्रान्सहार्बरच्या लोकलने ठाणं म्हणजे फार तर अर्धा तास. उतरून तलावपाळीवरून जांभळी नाक्याकडे निघालो तर रस्ता खणलेला. पाइप टाकायचं काम. मी नेहमीप्रमाणे नाक मुरडून कडेने जायला लागले, मावशी मात्र पत्र्याच्या फटीतून चरात डोकावत उभी.

"हे बघ, फुकटचा ट्रेंच."

चराची भिंत सरळ कापली गेली होती. वर डांबर, खाली खडी, मग विटांच्या रोड्यांचा भराव. त्याखाली पुन्हा डांबराची काळी पट्टी, म्हणजे आधीचा रस्ता. सगळ्यात खाली राखाडी चिकण आणि तिच्यात शिंपल्यांचे पांढरे ठिपके. मी या रस्त्यावरून शेकडो वेळा गेलेय, पण माझ्या पायाखाली आणखी एक रस्ता आहे हे डोक्यातही आलं नव्हतं.

उत्खननात हेच करतात, मावशी सांगत होती, फक्त जेसीबीने नाही. टेकाडावर दोऱ्या ताणून चौकोन आखायचे आणि दोन चौकोनांमध्ये मातीचा बांध न खणता ठेवायचा. मग गवंड्याच्या थापीने माती पापुद्र्यासारखी खरवडत जायची. रंग बदलला, पोत बदलला की थांबायचं. तो नवा थर. निघालेली माती चाळायची. बांध का ठेवायचा? खणून झाल्यावर त्याच्या अंगावर सगळे थर एकावर एक वाचता येतात म्हणून. मॉर्टिमर व्हीलर १९४४ ते ४८ भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते, त्यांनी ही शिस्त इकडे मुरवली. "आम्हाला बांधावर पाय ठेवला तर ओरडा बसायचा."

रोड्यांच्या थरात निळ्या फुलांच्या चिनी मातीच्या कपाचा तुकडा दिसत होता. मी हरखून म्हटलं, "पणजोबांच्या काळातला थर!" मावशीने बोट वीतभर उजवीकडे सरकवलं. तिथे पानमसाल्याची चकचकीत पुडी. "थराचं वय ठरवताना त्यातली सगळ्यात नवी वस्तू बघायची. कप कितीही जुना असू दे, हा भराव या पुडीच्या आधीचा असूच शकत नाही. नंतरचा कितीही असेल. आणि आधी हेही तपासायचं, की ही पुडी उंदराच्या बिळातून तर खाली गेली नाही ना."

तेवढ्यात मुकादम आला. "काय मावशी, काही पडलं का आत?" जगाचीच मावशी ती. "नाही रे बाबा, वाचतेय," म्हणाली. तो आत वाकून काही लिहिलंय का बघायला लागला.

मग मामलेदारची मिसळ. मावशीने "मध्यम तिखट" सांगून पस्तावा करून घेतला, आणि डोळे पुसत पुसतच मला कार्बन-१४ समजावला. झाड जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन घेत राहतं. त्यात किरणोत्सारी कार्बनचा, म्हणजे कार्बन-१४ चा, अगदी नगण्य अंश असतो. झाड मेलं की घेणं बंद, आणि आत असलेला अंश झिजत जातो. ५,७३० वर्षांत निम्मा. उरलेला मोजला की झाड मेल्याला किती वर्षं झाली याचा हिशेब लागतो. विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये हे करून दाखवलं, १९६० मध्ये नोबेल मिळालं. साधारण ५० हजार वर्षांच्या पलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. या पद्धतीत 'आज' म्हणजे १९५० साल धरतात. "म्हणजे त्यांच्या हिशेबाने माझा जन्म भविष्यातला," मावशी खूश होऊन म्हणाली.

इनामगावला चुलीत कोळसा दिसला की त्याला हात लावायचा नाही, थापीच्या टोकाने उचलून फॉइलमध्ये गुंडाळायचा, विडी ओढणाऱ्यांनी लांब जायचं. तरी कोळसा फसवतो. सागाची तुळई घरात शंभर वर्षं राहते, मग जळते. कोळसा सांगतो लाकूड कधी वाढलं ते, घर कधी जळलं ते नाही. म्हणून एका हंगामात उगवून करपलेला जवाचा दाणा कोळशापेक्षा मोलाचा. असं सगळं जुळवून तिथली वस्ती इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० मधली ठरली.

"आणि ते चरातले शिंपले?" मी विचारलं.

"ते तर पक्के लबाड. समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मुरलेला असतो. त्यामुळे शिंपला खऱ्या वयापेक्षा साधारण ४०० वर्षं म्हातारा दिसतो. तू आज खाल्लेली कालवं अकबराच्या काळातली निघायची."

पोट शांत झाल्यावर कोर्ट नाक्यावरून तुरुंगाच्या भिंतीपाशी गेलो. हा मूळचा ठाण्याचा किल्ला. १७३० मध्ये पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला. आत जायचा प्रश्नच नव्हता (जायची इच्छाही नव्हती), काळ्या भिंतीकडे बघत रस्त्यापलीकडे उभ्या राहिलो. १७८७ मध्ये या किल्ल्यात पाया खणताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९. शकात ७८ मिळवले की इसवी सन १०१७. ठाण्याचं जुनं नाव 'स्थानक', आणि ते ज्या राजघराण्याची राजधानी होतं, ते हे शिलाहार.

"इथे कसलीच प्रयोगशाळा नको," मी म्हटलं. "तारीख लिहूनच दिलीय."

"पत्र्याची तारीख लिहिलीय. त्या खड्ड्यात आणखी काय होतं? राख? खापरं? फरशी? कुणी बघितलं? पत्रे चमकले म्हणून उचलले, बाकी माती टोपलीतून गेली." भिंतीकडे बघून ती थोडा वेळ गप्प राहिली. मला तिचा राग जरा जास्तच वाटला. १७८७ मधल्या पायाखोद्यांनी करायचं तरी काय होतं? पण घणसोलीचा ढीग आठवला आणि मी बोलले नाही.

उन्हं कलायच्या आत अंबरनाथ गाठलं. स्टेशनच्या पूर्वेकडून रिक्षा, वालधुनीच्या काठी शिवमंदिर. नदीचा वास सोसला की देऊळ डोळ्यांत मावत नाही: काळ्या दगडावर तसूभर जागा मोकळी नाही, आणि गाभारा पायऱ्या उतरून खोल, गार. सोमवार नव्हता, म्हणून निवांत बघता आलं. इथल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ.स. १०६०, शिलाहार मुम्मुणीचा काळ. गंमत अशी, की जुने लेख वाचणाऱ्या डॉ. भाऊ दाजींनी तो आधी ७८२ वाचला होता; दुसरे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असल्याचं दाखवलं. एका झिजलेल्या आकड्याने देऊळ दोनशे वर्षं मागे-पुढे. मला ऐकून फार बरं वाटलं. थोरामोठ्यांचंही चुकतं, मग मी तर हजार वर्षं नुसती अंदाजाने सांगत होते.

परतीच्या गाडीत मी शेवटचा प्रयत्न केला. मडकं शेवटचं कधी भाजलं गेलं हे सांगणारी पद्धत असते ना? असते, मावशी म्हणाली. मातीतले कण आजूबाजूचा किरणोत्सार साठवत राहतात. प्रयोगशाळेत तापवले की तो प्रकाश होऊन बाहेर पडतो, त्यावरून काळ काढतात. पण दर वर्षी किती साठला, हे कळायला ते खापर ज्या मातीत पडून होतं ती माती लागते.

"म्हणजे मशीनसुद्धा तेच विचारणार?"

"कुठून उचललंस? हो."

घरी आल्यावर मावशीने कपाटातून खापर काढलं. कडेची रेघ अंगठ्याने चाचपली, कुंभाराचा अंगठा आपल्यापेक्षा बारीक होता म्हणाली. मग एका चिठ्ठीवर लिहिलं: 'घणसोली. भरावाचा ढीग. मूळ जागा माहीत नाही.' मला विचारून खाली उचलल्याचं साल टाकलं, चिठ्ठी खापरासोबत प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि विचारलं, "रात्री नुसता वरणभात चालेल ना? त्या मिसळीने आतला थर जळलाय माझा."