फ्लॉरेन्सहून शनिवार-रविवार: भिंतीवरची चित्रं बघायला कसं जावं

इटलीत चित्रकला शिकायला येणारं कुणी मला विचारतं, की सुट्टीत कुठं कुठं जाऊ, तेव्हा मी शहरांची यादी देत नाही. मी सांगते, एक भिंत निवड आणि तिच्यासाठी निघ. लाकडी फळीवरचं किंवा कॅनव्हासवरचं चित्र जगभर हिंडतं. सिएनाच्या मुख्य चर्चसाठी दुच्चो या चित्रकारानं 1308 ते 1311 या काळात रंगवलेली भव्य ‘माएस्ता’ (सिंहासनावरच्या मरियमचं चित्र) 1771 मध्ये कापून सुटी केली गेली आणि तिचे तुकडे आज लंडन आणि वॉशिंग्टनपर्यंत पोचलेत. ओल्या चुन्यावरचं भित्तिचित्र मात्र चुन्याबरोबरच वाळून भिंतीचा भाग होतं. ते बघायचं तर आपणच उठून तिथं जायला हवं. आणि टस्कनीत, म्हणजे फ्लॉरेन्सच्या प्रांतात, राहणाऱ्या विद्यार्थ्याला हे आगगाडीच्या साध्या तिकिटात जमतं, हे मला आजही फार मोठं भाग्य वाटतं.

मी मूळची कोल्हापूरची. कॉलेजच्या सहलीत अजिंठा बघितलेला होता. तिथं खडकावर माती आणि भुशाचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि मग कोरड्यावर डिंकात कालवलेले रंग. इथली पद्धत उलटी. ओला चुना वाळायच्या आत रंग बसला पाहिजे, म्हणून गवंडी सकाळी तेवढाच तुकडा लिंपायचा जेवढा चित्रकार त्या दिवशी पुरा करेल. या एका दिवसाच्या तुकड्याला इथं ‘जोर्नाता’ म्हणतात. उजेड बाजूनं पडला की दोन दिवसांच्या कामामधला सांधा डोळ्यांना दिसतो. वर्गात हे शिकताना मी मान डोलावली होती, पण अरेझ्झोला भिंतीसमोर तो सांधा प्रत्यक्ष दिसला तेव्हा चित्रकाराचा एक अख्खा दिवस समोर उभा राहिला. जाता जाता सांगते, 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारनं अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञच बोलावले होते. दोन्ही परंपरांची गाठ शंभर वर्षांपूर्वीच पडलेली आहे.

आता प्रवासाचं. फलकावर आणि तिकिटावर फ्लॉरेन्सचं नाव ‘फिरेंझे’ असं असतं आणि मुख्य स्थानक म्हणजे सांता मारिया नोव्हेल्ला. आपल्या कामाच्या गाड्या म्हणजे ‘रेजिओनाले’, प्रादेशिक गाड्या. यांचं भाडं ठरलेलं असतं, आधी काढलं म्हणून स्वस्त पडत नाही आणि आयत्या वेळी महागही होत नाही. शनिवारी सकाळी आभाळ बघून ठरवलं तरी चालतं. वेगवान गाड्यांचं नेमकं उलटं, तिथं जितकं आधी तितकं स्वस्त. रेजिओनालेचं कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो आणि मोबाइलवरचं असेल तर त्यातच चेक-इन करावं लागतं. ते राहिलं तर खिशात तिकीट असूनही दंड होतो. संपाची तारीख बहुधा आधी जाहीर होते, त्यामुळे शुक्रवारी रात्री ‘शोपेरो’ (संप) हा शब्द शोधून बघायची सवय लावा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात काही प्रादेशिक गाड्यांची हमी असते. रविवारी तशी हमी धरू नका.

बसचं वेळापत्रक वाचायला शिकणं त्याहून महत्त्वाचं. ‘फेरियाले’ म्हणजे सोमवार ते शनिवार, ‘फेस्तीवो’ म्हणजे रविवार आणि सणवार, ‘स्कोलास्तिको’ म्हणजे फक्त शाळा चालू असताना. लहान गावांना रविवारी बस नावापुरती असते. म्हणून माझा नियम असा: बसनं जायचं गाव शनिवारी, आगगाडीनं जायचं गाव रविवारी.

सुरुवात अरेझ्झोपासून करा. रेजिओनालेनं तास-दीड तास लागतो आणि स्थानकावरून चढावर थोडं चाललं की सान फ्रान्चेस्कोचं चर्च येतं. बाहेरून अगदी साधं, दगडविटांचं. आत मुख्य वेदीमागं पिएरो देल्ला फ्रान्चेस्कानं साधारण 1452 ते 1466 या काळात रंगवलेली ख्रिस्ताच्या क्रूसाची कथा आहे. वेळ आधी ठरवून घ्यावी लागते, कारण आत मोजक्याच लोकांचा गट सोडतात. भिंतीवर कथा क्रमानं पुढं जात नाही. पिएरोनं प्रसंग समोरासमोर जुळवलेत: लढाईसमोर लढाई, राणीसमोर राणी. त्यामुळे आधी कथा वाचून जा, नाहीतर मिळालेला वेळ कोण कुठला हे शोधण्यातच संपेल. खालच्या पट्ट्यात सम्राट कॉन्स्टंटाइन तंबूत झोपलेला आहे आणि अंधारात वरून देवदूताचा उजेड पडतोय. रात्र रंगवण्याचा इतका धीट प्रयत्न त्या काळात क्वचितच कुणी केला असेल. मी त्याच चौकटीसमोर सगळा वेळ घालवला आणि तुम्हीही एखादीच निवडा असं म्हणेन.

अरेझ्झोत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि त्याच्या आदल्या शनिवारी जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. 1968 पासून तो चालू आहे. जुने ब्रश, चौकटी, पितळी कुलपं, कोरीव लाकूड, सगळं रस्त्यावर मांडलेलं. सरकारी संग्रहालयंही पहिल्या रविवारी फुकट असतात. ऐकायला बरं वाटतं, पण त्या दिवशी गर्दी एवढी की चित्रापुढं उभं राहून रेखाटणं अवघड. बाजारासाठी एकदा जा, चित्रासाठी वेगळं जा.

तसंही ललित कला अकादमीत नाव असलेल्या विद्यार्थ्याला सरकारी संग्रहालयांत प्रवेश फुकट मिळतो. त्यासाठी चालू वर्षाच्या प्रवेशाचा दाखला, इथला शब्द ‘चेर्तिफिकातो दी इस्क्रित्सिओने’, छापून जवळ ठेवा. नुसतं ओळखपत्र पुढं केलं तर खिडकीवरची व्यक्ती हो म्हणेलच असं नाही. आरक्षणाचे पैसे वेगळे पडू शकतात. नगरपालिकेच्या आणि चर्चच्या संग्रहालयांना हा नियम लागू नाही, तिथं विद्यार्थी सवलत आहे का ते विचारायचं. दाखल्याबरोबर पासपोर्टची प्रत आणि राहण्याच्या परवान्याची पोस्टाची पावतीही सोबत असू द्या. परवाना हातात यायला महिने लागतात आणि तोवर ती पावतीच तुमचा कागद असते. मुक्काम करणार असाल तर मूळ पासपोर्टच लागतो.

अरेझ्झोहून बसनं तासाभरावर सानसेपोल्क्रो आहे, पिएरोचं जन्मगाव. त्याचं ‘पुनरुत्थान’ हे भित्तिचित्र तिथल्या नगर संग्रहालयात आहे. थडग्यातून उठलेला ख्रिस्त सरळ आपल्याकडे बघतो, खाली चार शिपाई झोपलेले, मागं डावीकडे निष्पर्ण झाडं आणि उजवीकडे पालवलेली. 1944 मध्ये टोनी क्लार्क नावाच्या ब्रिटिश तोफखान्याच्या अधिकाऱ्यानं या गावावरचा मारा थांबवला, कारण जगातलं सर्वोत्तम चित्र इथं आहे असं त्यानं कधीतरी वाचलं होतं. गावात त्याच्या नावाची गल्ली आहे. पण ही सहल शनिवारीच करा आणि परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या पक्की करून घ्या.

सिएनाला मात्र आगगाडीपेक्षा बस बरी. आगगाडीचं स्थानक टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि वर यायला सरकत्या जिन्यांची लांबच लांब रांग. जलद बस सव्वा तासाच्या आसपास जुन्या गावाच्या काठावर सोडते. तिथल्या नगरभवनात अम्ब्रोजो लोरेन्झेत्तीनं 1338-39 मध्ये चांगल्या आणि वाईट राज्यकारभाराची चित्रं काढली. ज्या नऊ जणांच्या हाती सत्ता होती त्यांच्याच बैठकीच्या खोलीत, त्यांच्या डोळ्यांसमोर! चांगल्या कारभाराच्या भिंतीवर दुकानं उघडी आहेत, गवंडी वर चढून बांधकाम करतायत, मुली फेर धरून नाचतायत आणि वेशीबाहेर नांगरणी-मळणी चाललीय. वाईट कारभाराची भिंत जास्त झिजलीय. दहाएक वर्षांत, 1348 च्या प्लेगनं, या गावाचा कणा मोडला. अपुऱ्या राहिलेल्या नव्या चर्चची उंच भिंत आजही उभी आहे आणि तिच्यावर चढताही येतं. दुच्चोची ‘माएस्ता’ जेवढी गावात उरलीय ती शेजारच्या संग्रहालयात बघा. दुरुस्तीसाठी एखादी खोली बंद असू शकते, निघण्यापूर्वी खात्री करून घ्या.

पादोव्हा लांब आहे. वेगवान गाडीनं दोन तासांच्या आत पोचता येतं, पण तिकीट आधी काढायला हवं, आणि स्क्रोव्हेन्यी चॅपेलचं, म्हणजे तिथल्या छोट्या प्रार्थनागृहाचं, आरक्षणही. आरक्षणाशिवाय दारापर्यंत जाण्यात अर्थ नाही. आधी चॅपेलचं ठरवा, मग गाडीचं. गटाला पंधरा मिनिटं काचेच्या खोलीत बसवतात, म्हणजे अंगावरून येणारी धूळ आणि दमटपणा कमी होतो आणि मग आत साधारण पंधरा मिनिटं. आतली भित्तिचित्रं जोत्तोनं 1303 ते 1305 च्या सुमारास रंगवली. चॅपेल बांधणाऱ्या एन्रिकोचा बाप सावकार, दान्ते या कवीनं आपल्या काव्यात त्याला नरकात बसवलेला. पंधरा मिनिटांत सगळं बघायचा हट्ट धरला तर छताचा निळा तेवढा लक्षात राहतो. मी ठरवून दोन चौकटी निवडल्या होत्या: जुदासचं चुंबन आणि मृत ख्रिस्ताभोवतीचा शोक. शोकाच्या चित्रात पाठमोऱ्या बसलेल्या दोन बायका आहेत, चेहरा दिसत नाही, नुसती पाठ आणि लुगड्यासारखं ओढून घेतलेलं वस्त्र. पाठीवरून दुःख कळतं. वीस वर्षं मॉडेल समोर बसवून रेखाटलं तरी मला हे साधेल का, असं तिथं वाटलं. मरियमच्या अंगावरचा निळा रंग कितीतरी ठिकाणी उडालाय, कारण तो निळा ओल्या चुन्यावर चालत नसे, कोरड्यावर चढवावा लागे. रसायनशास्त्राच्या तासाला ऐकलेलं इथं भिंतीवर वाचता येतं.

चॅपेलमधून बाहेर पडलात की शेजारच्या एरेमितानी चर्चमध्ये नक्की जा. तिथली मान्तेन्या या चित्रकाराची भित्तिचित्रं 11 मार्च 1944 च्या बॉम्बहल्ल्यात चुराडा झाली. हजारो कपचे गोळा करून, जुन्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांवरून ते पुन्हा जागच्या जागी बसवलेत. जतनाचं काम शिकणाऱ्यांनी तिथं घाई करू नये.

पिसा तासाभरावर आहे आणि विद्यार्थ्यांच्या खिशाला सगळ्यात परवडणारी सहल तीच. मनोरा सगळे बघतात. तुम्ही त्याच मैदानातल्या काम्पोसांतोत, म्हणजे भित्तिचित्रांनी सजवलेल्या जुन्या दफनभूमीत, शिरा. 27 जुलै 1944 ला तोफगोळ्यानं छताला आग लागली, छतावरचं शिसं वितळून भिंतींवरून ओघळलं. उरलेली चित्रं भिंतीवरून सोलून काढली तेव्हा खालची लाल गेरूची मूळ रेखाटनं, सिनोपिये, उघडी पडली. ती समोरच्या वेगळ्या संग्रहालयात आहेत आणि तिथं गर्दी फारशी नसते. चौदाव्या शतकातला चित्रकार कुठं हात खोडतो, डोकं कुठं सरकवतो, हे तिथं दिसतं. परतताना स्थानकाजवळ किथ हॅरिंगनं 1989 मध्ये रंगवलेली भिंत आहे, उघड्यावर, तिकीट नाही. पोटासाठी ‘चेचीना’ घ्या: हरभऱ्याच्या पिठाचा भट्टीत भाजलेला पातळ पोळा, वरून मिरपूड. शाकाहारी माणसाला पोटभर होतं.

पिशवीत काय हवं, तर सगळ्यात आधी लहान दुर्बीण. चित्रं उंचावर असतात आणि जोर्नाताचे सांधे नुसत्या डोळ्यांना फक्त खालच्या भागातच दिसतात. दुसरं, पन्नास सेंट आणि एक युरोची नाणी. अनेक चर्चमध्ये नाणं टाकलं की चित्रावरचा दिवा थोडा वेळ लागतो. पेन्सिल आणि तळहाताएवढी वही बहुतेक ठिकाणी चालते, शाई आणि जलरंग चालत नाहीत. चर्च दुपारी दोन-तीन तास बंद असतात आणि रविवारी सकाळी प्रार्थना चालू असताना चित्रं बघत हिंडू नये. कितीतरी संग्रहालयं सोमवारी बंद. कॉफी काउंटरपाशी उभ्यानं प्या, टेबलावर बसलं की भाव वाढतो.

ज्या रविवारी संप असेल किंवा पैसे संपले असतील, त्या दिवशी फ्लॉरेन्समध्येच काशीने बागेत पार पश्चिम टोकापर्यंत चालत जा. तिथं आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचं स्मारक आहे. इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 ला ते फ्लॉरेन्समध्ये वारले, वय अवघं वीस. दहनही याच संगमावर झालं आणि 1874 मध्ये छत्री आणि रंगवलेला अर्धपुतळा उभा राहिला. आसपासचा चौक आणि पलीकडचा पूल इथले लोक ‘इंदियानो’ याच नावानं ओळखतात. बाग फार लांबलचक आहे, त्यामुळे ट्राममधून उतरल्यावरही बरंच चालणं किंवा सायकल आलीच. पाण्याची बाटली घ्या. आणि अंधार पडायच्या आत परता, ते टोक संध्याकाळनंतर अगदी निर्जन असतं.

सगळ्यात चांगले महिने नोव्हेंबर ते मार्च. दिवस लहान असतो, चर्चमध्ये थंडी हाडात शिरते, जाड मोजे हवेतच. पण आरक्षण सहज मिळतं आणि पिएरोसमोर कधी कधी तुम्ही आणि रखवालदार एवढेच उरता. मे-जूनमध्ये परीक्षाही असतात आणि पर्यटकही, तेव्हा पादोव्हा हिवाळ्यातच उरकून घ्या.