सान हुआन ला लागुना : माया विणकरणींच्या गावी

मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमालाला गेलेले बरेचजण अँटिग्वा हे जुनं शहर आणि तिकालचे माया अवशेष उरकतात, आतित्लान सरोवराकाठी एखादी रात्र काढतात आणि काठावरच्याच पानाहाचेल गावच्या बाजारात घासाघीस करून शाली घेतात. माझं म्हणणं एवढंच, की खरेदी शेवटी ठेवा. आधी लांचा पकडून त्याच सरोवराकाठच्या सान हुआन ला लागुनाला जा आणि ती शाल होते कशी ते बघा.

लांचा म्हणजे मोटरबोट. पानाहाचेलच्या धक्क्यावर ती भरेपर्यंत थांबून राहते. परदेशी माणसाला साधारण २५ केत्झाल (तिथलं चलन) पडतात, तेही सुटे तयार ठेवा. सकाळीच निघा. दुपारनंतर इथे 'शोकोमिल' नावाचा वारा सुटतो आणि पुढच्या बाकावर बसणाऱ्याची कंबर ढिली होते, म्हणून जागा मागची धरा. सरोवर सुमारे १,५६० मीटर उंचीवर आहे, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी स्वेटर लागतोच.

सान हुआनच्या धक्क्यावर उतरलं की चढ सुरू होतो. भिंतींवर चित्रं, वर टांगलेल्या रंगीत छत्र्या आणि फोटोसाठी रांगा. तिथे फार रेंगाळू नका. धक्क्यावरच 'चला, फुकट दाखवतो' म्हणणारे भेटतात. आम्हालाही एकाने तिसऱ्याच दुकानात नेऊन बसवलं. त्यापेक्षा बायकांच्या सहकारी संस्थेचं नाव घेऊन थेट तिथे जा. 'लेमा' किंवा 'कासा फ्लोर इश्काको' विचारलंत की गावात कोणीही रस्ता दाखवेल.

गाव त्झुतुहिल लोकांचं, म्हणजे इथल्या मूळच्या माया लोकांतल्या एका समाजाचं. १९६० ते १९९६ च्या यादवी युद्धात ग्वातेमालात दोन लाखांहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. त्यातले बहुसंख्य माया. देशात जागोजागी विधवांनी मग विणकामावर घर चालवलं आणि बायकांचे गट उभे राहिले. मधला दलाल बाजूला झाला, की पैसा विणणारीच्या हातात येतो, असा हा सरळ हिशेब. इथे कापडाला लावलेल्या चिठ्ठीवर विणणारीचं नाव असतं.

प्रात्यक्षिक कापसापासून सुरू होतं. आमच्यासमोरच्या मावशींनी बोंडातली सरकी बोटांनी काढली, कापूस काठ्यांनी झोडून मोकळा केला आणि टकळी वाटीत टेकवून फिरवली. सूत इतकं बारीक निघालं की बोलता बोलता माझं लक्षच उडालं. इश्काको हा मुळातच तपकिरी कापूस, त्याला रंगवावंही लागत नाही.

मग रंग. पिवळा पेरिकोनचा, म्हणजे आपल्या झेंडूच्या चुलत भावाचा. झेंडूही मूळचा त्याच मुलखातला, दसऱ्याला आपण विसरतो ते. केशरी अचिओतेचा, म्हणजे शेंद्रीचा. निळसर राखाडी साकातिंताच्या पानांचा. लाल कोचिनियाचा, निवडुंगावर पोसलेल्या किड्यांचा. वाळका किडा तळहातावर चुरडला की गडद लाल, त्यावर लिंबू पिळलं की बघता बघता शेंदरी. शाकाहारी मंडळींनी इथे दचकून घ्यावं, शालीच्या लाल पट्ट्यात तेच आहे. रंग पक्का बसायला केळीच्या खोडाचं पाणी वापरतात. पानं पौर्णिमेला तोडली तर रंग गडद येतो, असं मावशी ठामपणे म्हणाल्या. मी मान डोलावली.

कमरमाग बघताना मात्र बसूनच राहिलो. ताण्याचं एक टोक खांबाला, दुसरं पट्ट्याने कमरेमागे. विणणारी मागे रेलली की ताणा ताठ, पुढे झुकली की सैल. मागाची चौकट म्हणजे तिचं अंगच. त्यामुळे कापडाचा पट्टा हातांच्या आवाक्याइतकाच रुंद होतो आणि मोठी चादर हवी तर दोन-तीन पट्टे शिवावे लागतात. सुतावर आधी गाठी मारून रंगवायची 'हास्पे' पद्धत म्हणजे आपलीच इकत. हे सांगितल्यावर मावशींनी माझ्या ओढणीचं टोक उलटं करून तपासलं. काही बोलल्या नाहीत.

विणकामाचा वर्गही लावता येतो. अर्धा दिवस राखून ठेवा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा. गुडघे टेकून बसावं लागतं, पाठीचं दुखणं असेल तर नुसतं बघा. सोबत स्पॅनिश येणारं कोणी असेल तर उत्तम. घरात विणकरणी आपली त्झुतुहिल भाषाच बोलतात.

पैसे रोख न्या आणि पानाहाचेललाच काढून घ्या. फोटोआधी विचारा. नुसतं बघून निघालात तरी थोडे पैसे ठेवा. घासाघीस करू नका. एका शालीमागे किती हात लागतात, ते डोळ्यांदेखत पाहिलेलं असतं. जेवणात टॉर्टिया, अवोकाडो आणि काळा घेवडा मिळतो. घेवडा बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परततात, म्हणून 'सिन मान्तेका', म्हणजे 'चरबीशिवाय', म्हणायला विसरू नका.

परतीला शेवटच्या लांचाची वाट पाहू नका, संध्याकाळी त्या कमी होतात. शाल घरी थंड पाण्यात, सौम्य साबणाने, एकटीच धुवा आणि सावलीत वाळवा. पहिल्या दोन धुण्यांत थोडा रंग जातो, घाबरू नका.