शेवटच्या गाण्यातला 'स'

विनाइल रेकॉर्डची एक बाजू, 24 मिनिटांची, आणि तिच्यातलं शेवटचं गाणं कुजबुजत्या आवाजातलं, ओळीओळीत 'स' आणि 'श'. फाइल ऐकतानाच हे गाणं त्रास देणार हे कळलं होतं. रेकॉर्ड निघाली, बँड खूश आहे, पण माझ्या डोक्यातून ते कडवं जात नाही.

मी लॅकर कापतो. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर असतो, त्यात तापवलेली सुई खाच कोरत जाते आणि त्यावरून पुढे धातूचे साचे बनतात. मध्येच काही बिघडलं तर अख्खी चकती बाद. फेब्रुवारी 2020 मध्ये कॅलिफोर्नियातला या चकत्या बनवणाऱ्या अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाल्यापासून तर चकत्या जपून वापराव्या लागतात. म्हणून मिक्समध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवतानाच, सुटणारी गोष्ट मी लेथवर, म्हणजे खाच कोरणाऱ्या यंत्रावर, सोडवायला घेत नाही.

पहिली तक्रार बेसची होती. सिंथ बेसवर कुणीतरी वाइडनर, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे पसरवणारा प्लगइन, लावला होता. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये डाव्या-उजव्या दोन्ही चॅनलमध्ये सारखं असतं ते सुईला आडवं हलवतं, वेगळं असतं ते वर-खाली. खालचे सूर उलट्या फेजमध्ये, म्हणजे एका चॅनलमध्ये लाट वर तेव्हा दुसऱ्यात खाली असे, आले की कापणारी सुई वर उचलली जाते, खाच उथळ होते, आणि वाजवताना सुई तिथून उडी मारते. 150 हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो करणारा फिल्टर माझ्याकडे आहे, पण तो पूर्ण मिक्सवर बसतो. बेसबरोबर ड्रमच्या खोलीचा भरदार घुमाराही आवळला जातो. मिक्समध्ये मात्र एका ट्रॅकवरचा एक प्लगइन काढला की काम झालं. मिक्स करणाऱ्या मुलाला हे सांगितलं आणि त्याच संध्याकाळी नवी फाइल आली.

लिमिटर, म्हणजे आवाजाची टोकं दाबून सगळं मोठं करणारं साधन, काढायला मात्र तो कचरत होता. "सर, आवाज बारीक वाटेल." रेकॉर्डचा आवाज किती मोठा हे बाजूची लांबी आणि बेस ठरवतात. दाबून सपाट केलेली फाइल 24 मिनिटांत बसवायला मला ती खालीच आणावी लागते. मग ती मोठीही राहत नाही आणि ड्रमचा ठोकाही गेलेला असतो. दोन्ही फाइल एकाच पातळीला लावून ऐकवल्या तेव्हा त्याला पटलं. ही गोष्ट शिकवणाऱ्यांनीच शिकवायला हवी.

आता 'स'. रेकॉर्ड एकाच वेगाने फिरते, पण बाहेरच्या कडेला सेकंदाभराच्या गाण्याला अर्धा मीटर खाच मिळते आणि लेबलजवळ जेमतेम 21 सेंटिमीटर. वरच्या सुरांच्या लाटा तिथे इतक्या आखूड होतात की वाजवणारी सुई त्यांच्या वळणांत शिरूच शकत नाही. त्यात आरआयएए कर्व्हमुळे, म्हणजे कापताना वरचे सूर वाढवायच्या आणि वाजवताना पुन्हा उतरवायच्या ठरलेल्या प्रमाणामुळे, कापताना 10 किलोहर्ट्झला 1 किलोहर्ट्झपेक्षा सुमारे 14 डीबी जास्त असतात. म्हणजे 'स' सगळ्यात तिखट कोरला जातो आणि सगळ्यात अरुंद जागी येतो.

मी म्हटलं, हे गाणं दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला घ्या. निर्माते म्हणाले, "कथा तिथेच संपते, क्रम हलणार नाही. तुमच्याकडे डी-एसर आहे ना, तो लावा." 'स'चा तिखटपणा दाबणारं ते साधन माझ्याकडे आहे. पण पूर्ण मिक्सवर लावला की झांज आणि गिटारही दर 'स'ला दबकतात, आणि त्या गायिकेच्या आवाजातला श्वास, ज्यावर ते गाणं उभं आहे, तोच जातो. शेवटी त्याच मुलाने मूळ ट्रॅकवर एकेक 'स' हाताने खाली आणला. कंटाळवाणं काम, आणि त्याने ते मन लावून केलं. रेकॉर्डवर ते गाणं जेवढं चांगलं वाजतं, त्याचं श्रेय त्याचं.

टेस्ट प्रेसिंग, म्हणजे तपासण्यासाठी छापलेली पहिली प्रत, आलं. बारीक टोकाच्या सुईवर स्वच्छ. साध्या गोल टोकाच्या सुईवर शेवटच्या कडव्यातला 'स' अजून फुटतो, आणि बहुतेक घरांत तीच सुई असते. अख्खी बाजू आणखी 1 डीबी उतरवली असती तर तो थोडा सावरला असता, पण मग आधीच्या सगळ्या गाण्यांखाली पृष्ठभागाची खरखर वर आली असती. क्रम बदलायला हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो बदलत नव्हता, तेव्हा या दोन नुकसानांपैकी कोणतं पत्करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.