लेकाला आखेनला सोडून येताना: व्हिसावरचे दिवस नीट मोजा

सप्टेंबर 2024 मध्ये लेकाला एमएससाठी जर्मनीत आखेनला सोडायला आम्ही दोघं पुण्याहून गेलो. त्याचा विद्यार्थी व्हिसा झाला की आमचंही त्याच कागदांवर होईल, असं वाटत होतं. तसं होत नाही. शिकायला गेलेल्या सज्ञान मुलासोबत राहण्यासाठी पालकांना वेगळा व्हिसाच नाही. आपण काढायचा तो साधा शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनी, नेदरलँड्स धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा, थोड्या दिवसांचा व्हिसा. फी माणशी 90 युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क.

मुलाच्या ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या आणि दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यातले पैसे त्याच्या खर्चाचे. आपला खर्च आपल्या बँक स्टेटमेंटवर आणि आयटीआरवर दिसला पाहिजे. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. आम्ही लेकाचा व्हिसा येईपर्यंत थांबलो आणि मग अपॉइंटमेंटसाठी रोज पहाटे उठून वेबसाइट बघत बसलो. निदान कागद तरी आधी जमवून ठेवा.

आता खरं महत्त्वाचं. पासपोर्टवरच्या स्टिकरवर दोन तारखा असतात आणि शेजारी दिवसांचा आकडा. आम्ही फक्त तारखा वाचल्या. शेवटची तारीख नोव्हेंबरमधली होती, म्हणून निर्धास्त होतो. पण दिवस होते 21. म्हणजे त्या दोन तारखांच्या दरम्यान राहायचं ते 21 दिवसच. उतरण्याचा दिवस धरायचा आणि निघण्याचाही. आम्ही 28 सप्टेंबरला फ्रँकफर्टला उतरलो, म्हणजे 18 ऑक्टोबर हा शेवटचा दिवस. आखेनहून चालत नेदरलँड्समध्ये जाता येतं, पण तिथले दिवसही याच हिशेबात येतात.

खोली मिळून सामान लागेपर्यंत दसरा उलटला. 16 तारखेला लेकाला ताप भरला. आठवडाभर थांबावं म्हणून जीव तुटत होता. मुदतवाढ फार गंभीर कारणासाठीच मिळते, साध्या तापासाठी नाही. त्याच्या उशाशी मऊ भाताचं पातेलं ठेवून निघालो. तो दिवस मी विसरणार नाही.

म्हणून अर्जातच पुरेसे दिवस मागा. घर शोधणं आणि राहायला गेल्यापासून 14 दिवसांच्या आत करायची पत्त्याची नोंदणी, सगळं धरून महिनाभर तरी. तिकिटाच्या आणि विम्याच्या तारखाही त्याला जुळवून घ्या. 12 ऑक्टोबर 2025 पासून तिथे येता-जाताना पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकात नोंद करायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली आहे, त्यामुळे एखादा दिवस इकडेतिकडे झाला तरी लगेच दिसतो.

थर्मामीटर आणि तापाच्या गोळ्या मुलाच्या बॅगेत आधीच घाला. रविवारी दुकानं बंद असतात, औषधांची पाळीपाळीने उघडतात. दवाखाने बंद असताना डॉक्टरसाठी 116117 आणि जिवावर बेतलं तर 112, हे दोन्ही नंबर त्याच्या फोनमध्ये स्वतः सेव्ह करून द्या.