जतची प्रत, एक खराब सेक्टर आणि ब्लॉकचा आकार

जतची डिस्क तपासणीत नापास झाली. मागच्या नोंदी वाचलेल्यांना मांडणी ठाऊक आहे. मिरजेच्या बैठकांच्या कॅसेटी आणि बंदिशींच्या हस्तलिखित वह्यांचे स्कॅन, हा मूळ संग्रह सांगलीत घरच्या सर्व्हरवर आहे. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिल्यावर दुसरी प्रत जतला मेहुण्यांकडे ठेवली, कारण कृष्णा तिथवर पोचत नाही. पूर नाही आला, पण डिस्कवरचा एक सेक्टर (डिस्क एका वेळी वाचते-लिहिते तो सर्वांत लहान तुकडा) वाचता येईनासा झाला, आणि वह्यांचा अख्खा संच एकाच टार-एक्सझेड फाइलमध्ये होता, म्हणजे टारने एकत्र बांधून एक्सझेडने दाबलेला (कॉम्प्रेस केलेला). त्या सेक्टरपर्यंतची पानं निघाली, पुढचं एकही नाही. मूळ शाबूत असल्यामुळे गेलं काहीच नाही. तरी मूळ बुडाल्यावर जी प्रत उपयोगी पडायची, तीच अशी अर्ध्यावर थांबणार असेल तर ती ठेवून उपयोग काय?

म्हणून मुद्दाम मोडतोड करून पाहिली. तेच स्कॅन वेगवेगळ्या पद्धतींनी बांधले आणि प्रत्येक फाइलच्या मधोमध डीडी या आज्ञेने ४०९६ बाइट शून्यं लिहिली, म्हणजे आजच्या डिस्कचा एक सेक्टर.

सिंगल थ्रेडवर, म्हणजे प्रोसेसरकडून एकाच रांगेत काम करवून, बांधलेलं एक्सझेड म्हणजे आतून एकच ब्लॉक, सलग दाबलेला एकच तुकडा. प्रत्येक बाइटचा अर्थ आधीच्या बाइटांवर अवलंबून, त्यामुळे मध्ये बिघडलं की पुढचं उलगडतच नाही. मल्टिथ्रेड (अनेक रांगांत) केलं की तुकडे पडतात, दाबण्याच्या नेहमीच्या लेव्हल ६ ला २४ एमबीचे. पण एक्सझेडची स्वतःची आज्ञा पहिल्या चुकीपाशीच थांबते, पुढचे चांगले ब्लॉक हाताने शोधून काढावे लागतात. या बाबतीत दाबण्याचं जुनं साधन बीझिप२ सरस निघालं. त्याचे ब्लॉक जास्तीत जास्त ९०० केबीचे, आणि चांगले ब्लॉक वेगळे काढायची आज्ञा सोबतच येते. पण दोन्हींत शेवटच्या वहीतलं एक पान हवं असेल तर टार सुरुवातीपासून उलगडत बसायचं. माझ्या छोट्या सर्व्हरवर तेवढ्यात चहा होतो.

स्क्वॉशएफएसने (फक्त वाचता येणारी, दाबलेली फाइलसिस्टिम, एकाच इमेज फाइलमध्ये) मन जिंकलं. ब्लॉक नेहमीचा १२८ केबी, जास्तीत जास्त १ एमबी, प्रत्येक स्वतंत्र दाबलेला. इमेज माउंट केली (डिस्कसारखी जोडली) की हवं ते पान लगेच उघडतं, आणि मोडलेल्या जागेवर फक्त त्या एका पानाला वाचनाची चूक येते. आकार? टार-एक्सझेडपेक्षा वाढला, पण धास्ती होती त्यापेक्षा पुष्कळ कमी. कारण उघड आहे. करड्या स्कॅनमध्ये कागदाचा पोत आणि स्कॅनरची खरखर (नॉइज) असते, ती एका पानातून दुसऱ्या पानात जशीच्या तशी येत नाही. मग ६४ एमबीची डिक्शनरी (पुन्हा येणारे तुकडे शोधायला एक्सझेड लक्षात ठेवतं तो मागचा मजकूर) दिली तरी तिला सापडणार काय?

इथवर आनंदीआनंद. मग सेक्टर फाइलच्या शेवटी मोडला आणि अख्खी इमेज माउंटच होईना. स्क्वॉशएफएसची इनोड (फाइलींची माहिती) आणि डिरेक्टरींची कोष्टकं शेवटी असतात, ती कुठे आहेत ते सांगणारा सुपरब्लॉक सुरुवातीला. शिवाय मजकुरासाठी त्याचा स्वतःचा चेकसम (बिघाड ओळखायचा पडताळा-आकडा) नाही, त्यामुळे बिघाड झालाय हेही दरवेळी कळेल असं नाही. यावरच सगळा वेळ गेला. शेवटी इमेजशेजारी पार२ च्या फाइली (बिघडलेला भाग पुन्हा उभा करणारी जादा माहिती) ठेवल्या, इमेजच्या ५ टक्के. आता शेवट मोडला तरी दुरुस्त होतो, पडताळलंय. दाबून वाचवलेली जागा थोडी परत खर्च होते, होऊ दे. ती जागा सार्थकी लागली असं मी मानतो.

हे लिहिताना कॅसेटींच्या फ्लॅक फाइली (काहीही न गमावता दाबलेला ध्वनी) आठवल्या. त्यांची मला कधीच काळजी वाटली नाही. का? फ्लॅकमध्ये ध्वनी फ्रेममध्ये तोडलेला असतो, नेहमीच्या सेटिंगला ४०९६ सॅम्पलची (ध्वनीच्या एकेका मोजणीची) एक. ४४.१ किलोहर्ट्झला ते सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी. प्रत्येक फ्रेमला स्वतःचा सीआरसी, आणि मूळ ध्वनीचा एमडी५ वर हेडरमध्ये; दोन्ही चेकसमच. एक फ्रेम बिघडली तर तानेत क्षणभर खाच पडते, बैठक शाबूत राहते. दाबणं आणि खात्रीने वाचता येणं यांचा इतका सुंदर मेळ मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मग स्कॅनलाही तेच का नको? टिफ (माझे स्कॅन ज्यात आहेत तो चित्रांचा फाइल-प्रकार) पट्ट्यापट्ट्यांनी दाबता येतं, प्रत्येक पट्टी स्वतंत्र. न दाबलेले टिफ बाहेरून दाबण्याऐवजी प्रेडिक्टर लावून (शेजारच्या बिंदूंमधला फक्त फरक लिहून) डिफ्लेट पद्धतीने आतच दाबले, तर सेक्टर गेल्यावर पानाचा एक आडवा पट्टा जाईल, बाकीच्या ओळी वाचता येतील. मग स्क्वॉशएफएसचं काम फक्त गठ्ठा बांधण्याचं. दाबून आकार घटला नाही तर तो ब्लॉक आहे तसाच ठेवतो. तेव्हा वर लिहिलेला बेत बदलला: आधी टिफ नव्याने, मग इमेज, मग पार२.

वह्यांवरून टाइप केलेल्या मजकुराचं गणित वेगळं. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं आणि त्यातला पहिला बाइट कायम तोच, त्यामुळे मजकूर भरपूर दबतो. पण एकेका पानाची फाइल इतकी लहान की एकटी दाबून फारसं हाती लागत नाही. तिथे झेडस्टँडर्ड या दाबण्याच्या साधनाची, नमुन्याच्या पानांवरून आधीच तयार (ट्रेन) केलेली डिक्शनरी वापरायची: पानं स्वतंत्र, शब्दसंपत्ती सामाईक. मात्र ती डिक्शनरी हरवली तर एकही पान उघडणार नाही, म्हणून ती न दाबता, प्रत्येक डिस्कवर, दोन ठिकाणी.

नवी डिस्क घेणाऱ्यांना एकच आग्रह: सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणारी) आहे का ते विचारूनच घ्या. एसएमआरवर (ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवणारीवर) मोठं लिखाण सुरू झालं की वेग पार बसतो. आमच्या विश्रामबागेतल्या दुकानदाराने न विचारता मॉडेल नंबरवरून पाहून सांगितलं, असा माणूस धरून ठेवावा.

टिफच्या पट्टीची उंची अजून ठरत नाहीये. पिक्सेलच्या ६४ ओळींनी सुरुवात केली आहे, १६ ला आकार किती वाढतो ते या आठवड्यात पाहतो. मोडी दप्तरांच्या स्कॅनवर कोणी हे केलं असेल तर आकडे जरूर द्या.