‘कास्ट अवे’च का, हे तुम्ही विचारलेत म्हणून

‘इतके इंग्रजी चित्रपट पाहतेस, त्यात सर्वांत आवडता कोणता?’ असे कोणी विचारले की मी ‘कास्ट अवे’ असे सांगते, आणि त्यावर येणारा दुसरा प्रश्न ठरलेला असतो : ‘एवढाच?’ बँकेतल्या सहकाऱ्यांनी, नणंदेच्या घरी जमणाऱ्या मंडळींनी आणि माझ्या दोन्ही भाच्यांनी तो विचारून झाला आहे. विचारणाऱ्याच्या मनात ‘गॉडफादर’ असतो किंवा क्रिस्टोफर नोलन या दिग्दर्शकाचा एखादा चित्रपट असतो, आणि बेटावर अडकलेला माणूस व्हॉलीबॉलशी गप्पा मारतो अशा चित्रपटाला कोणी पहिला क्रमांक द्यावा, हे त्यांना पटत नाही. आजवर मी विषय बदलत आले. गेल्या महिन्यात मात्र धाकटा भाचा म्हणाला, ‘मावशी, तू पाहतेस खूप, पण तुला त्यातले कळत नाही,’ आणि ते मला लागले. म्हणून हे उत्तर एकदाच, नीट लिहीत आहे.

चित्रपटातले कळणे म्हणजे छायालेखनाची परिभाषा येणे असेल, तर ती मला येत नाही. मी दिवसभर कर्जाची प्रकरणे तपासते आणि रात्री चित्रपट पाहते. पण तीस वर्षे पाहत आल्यावर आपल्याला काय भावते आणि काय नाही, हे प्रेक्षकालाही समजू लागते. मला थांबणारे चित्रपट आवडतात. जे दाखवायचे आहे ते हाताशी असूनही जो दिग्दर्शक ते लगेच दाखवत नाही, त्याच्यावर माझा विश्वास बसतो, मग चित्रपट भयाचा असो, प्रेमाचा असो की अंतराळातला.

१९९४ साली ‘ज्युरासिक पार्क’ हिंदीत आला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. आम्ही सगळे डायनोसॉर पाहायलाच गेलो होतो, आणि चित्रपटभर तेच होते अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. प्रत्यक्षात १२७ मिनिटांच्या त्या चित्रपटात डायनोसॉर पडद्यावर आहेत ते सुमारे पंधरा मिनिटे. उरलेला वेळ आपण त्यांची वाट पाहत असतो. गाडीतल्या पेल्यातल्या पाण्यावर उठणारी वलये आठवतात ना? ती गिटारची तार छेडून उमटवली होती, आणि त्या वलयांनी मला जेवढे घाबरवले तेवढे पुढच्या भागांतल्या संपूर्ण कळपांनी घाबरवले नाही. ‘जॉज’ (१९७५) मी पुष्कळ उशिरा पाहिला. त्यातला यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडत असे, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गला तासाहून अधिक काळ केवळ पाणी, शार्कच्या पाठीवरचा पर, पिंपे आणि दोन सुरांचे संगीत यांवर भागवावे लागले, आणि त्या बिघाडानेच चित्रपट तारला, हे आता सर्वांना ठाऊक आहे.

‘टायटॅनिक’बद्दल नाक मुरडणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की जहाज बुडणार हे तिकीट काढतानाच माहीत असलेल्या प्रेक्षकाला जेम्स कॅमेरॉनने हिमनगापर्यंत दीड तासाहून अधिक वेळ बसवून ठेवले. अकरा ऑस्करांपेक्षा मला ते मोठे वाटते. ‘इंटरस्टेलर’मधले भौतिकशास्त्र माझ्या डोक्यावरून गेले, पण एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे, असा हिशेब चुकून बाप तेवीस वर्षांनी यानात परततो आणि मुलांचे साठलेले निरोप एकामागून एक पाहतो, त्या प्रसंगाला अभ्यासाची गरज नाही. ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’चा पहिला तास मला आवडतो. जग अर्धे रिकामे झाल्यानंतर पाच वर्षांनी उरलेली माणसे काय करत बसली असतील, हे त्यात शांतपणे दाखवले आहे. ज्या लढाईवर चित्रपटगृहात शिट्ट्या पडल्या, ती मला लांबलेली वाटते. भाच्याला मान्य नसलेले माझे मत हेच असावे.

आता ‘कास्ट अवे’कडे येते. त्यात टॉम हँक्सचा नायक फेडेक्स या कुरियर कंपनीत असतो, तिचे विमान समुद्रात पडते, आणि तो एका निर्जन बेटावर चार वर्षे एकटा अडकतो. वाहत आलेली कंपनीची पार्सले फोडून तो त्यांतल्या वस्तू वापरतो, आणि त्यांतल्याच एका व्हॉलीबॉलला विल्सन असे नाव देऊन त्याच्याशी बोलतो. येथे माझे पहिले भांडण माझ्याशीच आहे, कारण २००१ साली, बावीस वर्षांची असताना, तो मला मुळीच आवडला नव्हता.

भाड्याने आणलेल्या व्हीसीडीवर मी आणि अण्णांनी तो एका रविवारी पाहिला. अण्णा म्हणजे माझे वडील. ते रेल्वेच्या टपालसेवेत होते, ज्याला आमच्या मिरजेत सगळे आर.एम.एस. म्हणतात. रात्रीच्या गाडीला जोडलेल्या डब्यात उभे राहून कप्प्याकप्प्यांत पत्रे लावणे आणि स्टेशन येण्याआधी थैली बांधून लाखेचे सील करणे, यात त्यांची बरीचशी नोकरी गेली. इंग्रजी संवाद त्यांना फारसे समजत नसत, पण इंग्रजी पत्ता कोणत्याही अक्षरातला असो, ते वाचत. त्या वर्षी मी ‘ग्लॅडिएटर’च्या बाजूची होते, आणि टॉम हँक्सला मागे टाकून त्यातल्या रसेल क्रोला ऑस्कर मिळाले याचा मला आनंद झाला होता. ‘कास्ट अवे’ संपल्यावर मी म्हटले, ‘ही तर कुरियर कंपनीची अडीच तासांची जाहिरात आहे.’ अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, ‘एक पार्सल त्याने फोडले नाही.’ मी वाद घातला. भुकेने मरायला टेकलेल्या माणसाने पंखांचे चित्र असलेले ते एकच खोके चार वर्षे न उघडता ठेवावे, यात काय शहाणपण आहे, त्यात औषध असते तर, असे मी बरेच बोलले. ते म्हणाले, ‘पत्ता होता ना त्याच्यावर.’

त्या बावीस वर्षांच्या मुलीला, म्हणजे तेव्हाच्या मला, आज उत्तर द्यायचे तर माझ्याजवळ माहिती पुष्कळ आहे. फेडेक्सने या जाहिरातीसाठी पैसे मोजले नव्हते. हँक्सने वजन उतरवून दाढी-केस वाढवावेत म्हणून चित्रीकरण जवळजवळ वर्षभर थांबवले होते, आणि त्या खंडात दिग्दर्शक झेमेकिसने दुसरा एक संपूर्ण चित्रपट करून घेतला. पटकथाकार विल्यम ब्रॉयल्स स्वतः काही दिवस मेक्सिकोतल्या एका किनाऱ्यावर एकटा राहिला होता, तेथेच एक व्हॉलीबॉल वाहत आला, आणि त्याचा पुढे विल्सन झाला. नायक बेटावर असेपर्यंत पार्श्वसंगीत नाही, आणि पाखरे-किड्यांचे आवाजही मुद्दाम टाळले आहेत. पण ही माहिती मी नंतर गोळा केली. माझे मत तिच्यामुळे बदलले असे मी सांगितले, तर ते खरे होणार नाही.

जुलै २०१६ मध्ये अण्णांना पक्षाघात झाला. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली होती, त्यामुळे उजवा हात-पाय आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे केवळ बोलता येईना असे नव्हे, दुसऱ्याचे बोलणेही त्यांना नीट उमगत नसे. त्यांच्याजवळ दोन शब्द उरले होते : ‘राहू दे.’ पाणी हवे असले तरी ‘राहू दे’, नको असले तरी ‘राहू दे’, आईला हाक मारायची तरी ‘राहू दे’. आम्ही चेहऱ्यावरून आणि डाव्या हातावरून अर्थ लावत असू आणि निम्म्या वेळा चुकत असू. दूरचित्रवाणी लावली की त्यांची चिडचिड होई. बातम्या आणि मालिका म्हणजे नुसते बोलणे, आणि त्या बोलण्याने त्यांचा जीव गुदमरत असावा. आम्ही संच त्यांच्या खोलीतून हलवणारच होतो.

सप्टेंबरमधल्या एका रात्री आई झोपली होती आणि मी त्यांच्याजवळ बसले होते. वाहिन्या बदलताना ‘कास्ट अवे’ दिसला. विमान पडून गेले होते आणि हँक्स किनाऱ्यावर नारळ फोडण्याची धडपड करत होता. मी आवाज कमी केला आणि तसाच राहू दिला, कारण दुसरीकडे कोठेही बोलणे थांबलेले नव्हते. काही मिनिटांनी पाहिले तर अण्णा उशीवरून मान उचलून पाहत होते. पक्षाघातानंतर ते कोणतीही गोष्ट पाच मिनिटांपेक्षा जास्त पाहू शकले नव्हते, आणि ते तासाभराहून अधिक पाहत राहिले. दात पाडण्याच्या प्रसंगाला त्यांनी तोंड वाकडे केले. अग्नी पेटला तेव्हा त्यांचा डावा हात पांघरुणावरून थोडा वर आला. समजून घ्यावा असा एकही शब्द नसल्याने त्यांच्यापासून काहीच सुटत नव्हते, अगदी माझ्याएवढेच त्यांना कळत होते. आम्ही दोघे एकच गोष्ट एकाच वेळी पाहत होतो, आणि असे दोन महिन्यांत झाले नव्हते.

मग तराफा आला. नायकाला झोप लागते, विल्सन सुटून पाण्यावर दूर जातो, आणि तराफ्याला बांधलेल्या दोरीची लांबी संपल्यावर त्याला तराफा किंवा विल्सन यांपैकी एकच धरता येतो. तो परत फिरतो आणि माफी मागत रडतो. त्या क्षणी अण्णांचा चेहरा पिळवटला, घशातून आवाज आला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, आणि ते म्हणाले, ‘राहू दे, राहू दे.’ मी रिमोट उचलून संच बंद केला.

त्यांनी डाव्या हाताने पलंगाचा कठडा जोरात आपटला. पुन्हा ‘राहू दे’ म्हणाले, यावेळी ओरडून. मी त्यांना पाणी पाजले, चादर ओली झाली आहे का ते पाहिले, कूस बदलून दिली, आईला उठवले. आईने पाठीवरून हात फिरवला. ते कठडा आपटतच होते. दहा-बारा मिनिटे गेली असतील. मग मला एकदम आठवले की त्या दोन शब्दांचा एक सरळ, सगळ्यांना माहीत असलेला अर्थही आहे : आहे तसे राहू दे, बंद करू नकोस. मी धावत जाऊन संच लावला. पडद्यावर नायक परत आलेला होता, आजूबाजूला माणसे होती आणि सगळी बोलत होती. अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवले.

आठ दिवसांनी मी डीव्हीडी मिळवली आणि तो चित्रपट पहिल्यापासून लावला. मॉस्कोतले ते प्रारंभीचे दृश्य, एका पार्सलला ८७ तास लागले म्हणून नायकाने कामगारांना केलेला उपदेश, सगळे बोलणेच बोलणे. पंधरा मिनिटांत अण्णा झोपले. सरळ बेटापासून लावावे हे मला का सुचले नाही, याचे उत्तर मला आजही देता येत नाही. बहुधा चित्रपट आरंभापासूनच पाहायचा, या माझ्या शिस्तीमुळे. नंतर मी दोनदा प्रयत्न केला, पण त्या रात्रीसारखे ते पुन्हा पाहत राहिले नाहीत. २०१८ च्या जानेवारीत ते गेले.

यावरून कोणी म्हणेल, आणि थोरल्या भाच्याने म्हटलेच, की मग तुला चित्रपट आवडत नाही, तुला अण्णा आठवतात. या आक्षेपाला माझ्याजवळ पक्के उत्तर नाही. कधी वाटते, तो बरोबर बोलतो. कधी वाटते, भाषा हरवलेल्या माणसाला जवळजवळ पूर्ण उमगेल अशी गोष्ट कोट्यवधी डॉलरच्या व्यापारी चित्रपटात रचून दाखवणे ही कला नसेल, तर कला कशाला म्हणायचे? चित्रपटातले दोष मला आजही दिसतात. नायक मेम्फिसला, आपल्या गावी, परतल्यानंतरचा भाग सैल आहे, आणि त्याची प्रेयसी झालेल्या हेलन हंटच्या वाट्याला निरोप घेण्यापलीकडे फार काही आलेले नाही.

शिवाय त्या रात्रीचा मी लावलेला अर्थ तरी खरा आहे का? डॉक्टरांनी आम्हाला आधीच बजावले होते की या आजारात कारणावाचूनही रडू येते, प्रत्येक वेळी अर्थ शोधू नका. आईचे मत तर पहिल्यापासून ठाम आहे. ती म्हणते, त्यांचा खांदा दुखत होता, संध्याकाळपासूनच दुखत होता, आणि तू उगाच एवढी वर्षे मनाला लावून घेतले आहेस. मी तिला त्यांचा वर आलेला हात सांगते, मान उचलून तासभर पाहणे सांगते. ती म्हणते, तो शब्द ते सगळ्यालाच वापरत असत. हेही खरेच आहे.

तिने तो चित्रपट कधी पाहिला नव्हता. गेल्या दिवाळीत मी तो तिच्याबरोबर पाहिला, आणि यावेळी मॉस्को गाळून बेटापासून लावला. विल्सन वाहून गेला तेव्हा मी तिच्याकडे पाहत होते, पण ती वाती वळत राहिली. शेवटी नायक ते न फोडलेले पार्सल घेऊन पत्त्यावरच्या घरी जातो, घरात कोणी नसते, म्हणून चिठ्ठी लिहून दाराशी ठेवतो आणि निघतो. आईने वात खाली ठेवली.

‘सही न घेता ठेवून गेला,’ ती म्हणाली. ‘तुझ्या अण्णांनी हे चालवून घेतले नसते.’